टॉप-ब्रेक रिव्हॉल्व्हरच्या आजच्या प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृतींबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. त्यातही बिजागरीवर मधून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरबद्दल लोकांचे बरेच घोळ असतात. कुणाकडे आजोबांचं वेब्ली असतं, कुणी अमेरिकेत राहून इटालियन स्कोफिल्ड घ्यायच्या विचारात असतं, तर कुणाला कानपूरचं ३२ बोअर (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) घ्यायचं असतं. हे तिघंही एकाच घराण्याच्या बंदुकीबद्दल विचारत असतात, पण तिघांना द्यायची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

टॉप-ब्रेक म्हणजे नेमकं काय?

या रिव्हॉल्व्हरची चौकट एकसंध नसते. नळी आणि सिलिंडर हा पुढचा भाग, मूठ आणि हॅमर हा मागचा भाग, आणि दोघांना खाली जोडणारी बिजागरी. वर, हॅमरच्या पुढे, एक खटका असतो. तो सोडून नळी खाली वाकवली की बंदूक मधून उघडते आणि सिलिंडरच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो. सहाही रिकाम्या पुंगळ्या एका झटक्यात बाहेर पडतात. त्या काळच्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीत हेच काम बाजूच्या झडपेतून, सळईने ढकलत, एकेका पुंगळीवर करावं लागे. घोड्यावर बसलेल्या शिपायासाठी हा फरक फार मोठा होता.

प्रतिकृती कोणत्या मूळ रिव्हॉल्व्हरच्या निघतात?

मुख्यतः दोन घराण्यांच्या.

पहिलं घराणं अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ३ चं. हे १८७० मध्ये आलं. रशियाच्या झारच्या सैन्याने त्याची मोठी मागणी नोंदवली आणि पुढच्या काही वर्षांत लाखाहून अधिक नग घेतले. रशियनांनी काडतूसही बदलून घेतलं आणि त्यातून .४४ रशियन जन्मलं. मुठीवरचा तो विचित्र कुबड आणि चापाच्या कड्याखालचं शिंग हीही रशियनांचीच मागणी. १८७५ मध्ये मेजर जॉर्ज स्कोफिल्ड यांनी सुचवलेल्या बदलांसह अमेरिकी घोडदळासाठी एक आवृत्ती निघाली. खटका नळीवरून काढून चौकटीवर बसवला, म्हणजे तो एका अंगठ्याने मागे ओढता येतो. स्कोफिल्ड एकूण नऊ हजारांच्या आतच बनल्या, पण प्रतिकृतींच्या बाजारात आज सगळ्यात जास्त चालतं ते हेच मॉडेल.

दुसरं घराणं बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये मार्क १ स्वीकारलं, १९१५ मध्ये मार्क ६ आलं, आणि .४५५ बोअरची ही जाडजूड रिव्हॉल्व्हरं दोन्ही महायुद्धांत वापरली गेली. वेब्लीचा खटका घोडेस्वाराच्या रिकिबीसारखा दोन्ही बाजूंनी चौकटीला धरून बसतो आणि तो पूर्ण बंद नसेल तर हॅमर काडतुसापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते टॉप-ब्रेकमधला हा सर्वांत शहाणा खटका.

नकला करणं काही आजचं नाही. रशियासाठीची मॉडेल ३ बर्लिनच्या लुडविग लोवे कारखान्यात आणि रशियातल्या ‘तुला’ शहरातही बनली आणि स्पेनमधल्या एइबारच्या कारागिरांनी तर ढीगभर काढल्या. ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये एनफिल्ड नं. २ हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं, तेव्हा वेब्लीने आमच्या डिझाइनची नक्कल केली म्हणून दावा ठोकला. अखेर संशोधकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी आयोगाकडून कंपनीला १,२५० पौंड मिळाले.

आज या प्रतिकृती कोण बनवतं?

स्मिथ अँड वेसन पद्धतीच्या जवळपास सगळ्या इटलीतून येतात. गार्दोने वाल ट्रॉम्पिया या बंदुका घडवणाऱ्या गावातली उबेर्ती ही मुख्य कंपनी. १९५९ मध्ये आल्दो उबेर्ती यांनी ती काढली, आता ती बेरेट्टाच्या मालकीची आहे. अमेरिकेत तोच माल सिमॅरॉन, टेलर्स अशा आयातदारांच्या नावाने विकला जातो. आधी नेव्ही आर्म्सही विकत असे. तेव्हा ‘सिमॅरॉनचं चांगलं की टेलर्सचं’ या वादात फार वेळ घालवू नका. पॉलिश, मुठीचं लाकूड, किरकोळ सुटे भाग यांत फरक असतो, मूळ कारखाना एकच.

खुद्द स्मिथ अँड वेसननेही २००० च्या सुमारास थोड्या स्कोफिल्ड पुन्हा काढल्या होत्या. त्या आता संग्राहकांच्याच हातात फिरतात.

प्रतिकृती मुळाशी किती प्रामाणिक असते?

बाहेरून बरीच. आतून नाही, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

मूळ स्कोफिल्डचं सिलिंडर आखूड होतं, कारण तिचं काडतूस आखूड होतं. .४५ कोल्ट तिच्यात बसतच नसे. शिवाय त्या काळच्या .४५ कोल्टच्या पुंगळीची कड इतकी बारीक होती की चांदणीला ती नीट पकडताच आली नसती. म्हणून .४५ स्कोफिल्ड हे मोठ्या कडेचं आखूड काडतूस निघालं. ते कोल्टमध्येही चालायचं, पण कोल्टचं काडतूस स्कोफिल्डमध्ये नाही. एकाच सैन्यात दोन बंदुका आणि दोन काडतुसं म्हटल्यावर कोठारातून काय पाठवलं जाईल याचा नेम नसे, आणि स्कोफिल्ड सैन्यातून लवकर बाहेर पडायला हेही एक कारण झालं. पुढे त्यातल्या काही वेल्स फार्गो कंपनीच्या पहारेकऱ्यांकडे गेल्या, नळ्या कापून पाच इंची करून. प्रतिकृतींमध्ये सात इंचीच्या जोडीला पाच इंची नळी दिसते ती त्यामुळेच.

आज मात्र गिऱ्हाइकाला .४५ कोल्टच हवं असतं, कारण दुकानात तेच मिळतं. म्हणून उबेर्तीने सिलिंडर लांब केलं. चौकटीतली जागा मात्र तेवढी वाढवली नाही. मग लांबी आली कुठून? सिलिंडरच्या तोंडाशी मूळ बंदुकीत एक उंच कडं असायचं, गॅस रिंग. नळी आणि सिलिंडरच्या फटीतून उडणारी काजळी सिलिंडरच्या आसावर जाऊ नये, हे त्याचं काम. प्रतिकृतीत तेच कापलं गेलं. बिनधुराच्या दारूवर, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या बारुदीवर, हे फारसं जाणवत नाही. काळी दारू, म्हणजे जुन्या पद्धतीची, खूप काजळी सोडणारी बारूद, भरली की जाणवतं.

बाकी हॅमरची घडण, आतला सुरक्षेचा भाग, स्क्रूचे आटे, पोलादाची जात, सगळं आजचं. म्हणून जुन्या बंदुकीचा सुटा भाग नवीत किंवा नव्याचा जुनीत बसेल असं गृहीत धरू नका.

काळ्या दारूवर चालवता येईल का?

येईल, पण थोड्याच फैरींनंतर सिलिंडर जड होऊ लागतं, मग अडकतं. वर सांगितलेलं कडं नसल्याचा हा परिणाम. अमेरिकेतले जुन्या पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांचे शौकीन आसाला भरपूर ग्रीस चोपडतात, मध्येच ओल्या फडक्याने सिलिंडरचं तोंड पुसतात आणि गोळीला मऊ वंगण लावतात. तरीही अस्सल मॉडेल ३ जितकं बिनतक्रार चाललं असतं तितकं हे चालत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीने आजच्या प्रतिकृतीला स्वतःच्या दारूवर हरवावं, हे थोडं गमतीचंच आहे.

आणि जुन्या अस्सल रिव्हॉल्व्हरमध्ये आजची काडतुसं?

नको. त्यातही खिशात मावणारी स्वस्त अमेरिकी टॉप-ब्रेक, म्हणजे आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन वगैरे, जरा जास्तच जपून हाताळा. आयव्हर जॉन्सनने बिनधुराच्या दारूसाठी बांधणी मजबूत केली ती १९०९ च्या सुमारास. त्याआधीच्या बंदुका काळ्या दारूच्या दाबासाठीच आहेत. काडतूस आत बसलं म्हणजे ते चालतं असं नव्हे.

दुसरी नेहमीची चूक वेब्लीच्या बाबतीत होते. युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या हजारो वेब्लींची सिलिंडरं मागून घासून .४५ एसीपी हे अमेरिकी पिस्तुलांचं काडतूस बसेल अशी केली गेली. पण कारखान्यातून आलेल्या .४५ एसीपीचा दाब हा वेब्लीच्या कारखान्यातल्या चाचणी-काडतुसाच्या दाबाच्या आसपास जातो. म्हणजे ज्या दाबाने बंदूक एकदाच तपासायची, तो दाब रोज द्यायचा. अशा वेब्ली फुटल्याच्या कहाण्या उगाच पसरलेल्या नाहीत.

प्रतिकृती तरी कितपत सोसते?

ठरलेलं नेहमीचं काडतूस व्यवस्थित सोसते. .४५ कोल्टचा मान्य दाब मुळातच कमी आहे आणि पोलाद आजचं आहे. मात्र अमेरिकेत याच काडतुसाचे काही ‘तगडे’ प्रकार जाड चौकटीच्या बंदुकांसाठी विकतात. ते इथे अजिबात नकोत. टॉप-ब्रेकमध्ये सगळा जोर एक बिजागरी आणि एक खटका झेलतात. नळी एकदम फुटणार नाही कदाचित, पण बिजागरी सैल होईल, मग सिलिंडरची फट वाढेल आणि मग ती बंदूक भिंतीवरच लागेल.

इतकी सोयीची रचना मागे का पडली?

१८८९ मध्ये कोल्टने बाजूला झुकणारं सिलिंडर सैन्यासाठी आणलं आणि १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनही त्याच वाटेने गेली. चौकट एकसंध राहते, पुंगळ्याही एकत्र निघतात, मग बिजागरी कशाला? १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे फार जास्त दाबाचं काडतूस आल्यावर वाद संपला. रशियात एमपी-४१२ नावाचं .३५७ चं आधुनिक टॉप-ब्रेक घडवलं गेलं होतं, पण ते मोठ्या प्रमाणावर कधी निघालंच नाही. ब्रिटिश मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही वेब्लीला धरून होते. त्यांचं काडतूस मंद होतं आणि त्यांना तेच पुरेसं वाटायचं.

भारतात टॉप-ब्रेकची प्रतिकृती मिळते का?

इटलीत ही हौशीची वस्तू आहे. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं साधं, रोजचं रिव्हॉल्व्हर म्हणजेच टॉप-ब्रेक. घेणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसतं की आपण वेब्ली मार्क ४ चा, म्हणजे .३८० बोअरच्या वेब्लीचा, नातू घेतोय.

कानपूरच्या आयुध कारखान्यात १९९० च्या दशकात .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर नागरिकांसाठी बनू लागलं. रचना वेब्ली मार्क ४ ची, काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, म्हणजे मेट्रिक मापात ७.६५ बाय २३ मिलिमीटर. सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. पुढे चार इंची नळीचंही निघालं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं. टायटॅनियम मिश्रधातू, वजन पाचशे ग्रॅम, स्त्रियांसाठी म्हणून जाहिरात. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात. स्त्रियांच्या सुरक्षेची वस्तू म्हणायची आणि भाव असा ठेवायचा, यावर तेव्हा टीका झाली ती रास्तच होती. पण यंत्र म्हणून पाहिलं तर तेही शंभर वर्षांपूर्वीच्या बर्मिंगहॅमचंच डोकं आहे.

मग खुद्द वेब्लीच परत आली. वेब्ली अँड स्कॉटने लखनौच्या सियाल मॅन्युफॅक्चरर्ससोबत उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे कारखाना काढला आणि २०२० मध्ये .३२ चं मार्क ४ तिथे बनू लागलं. म्हणजे ब्रिटिश बंदूक, तिची सरकारी भारतीय नक्कल, आणि त्या नकलेशी स्पर्धा करायला आलेली मूळ कंपनी, तीही भारतात बनवून.

मग ‘प्रबळ’ काय आहे?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेलं ‘प्रबळ’ हे कानपूरचंच रिव्हॉल्व्हर बाजूला झुकणाऱ्या सिलिंडरचं आहे, टॉप-ब्रेक नाही. कानपूरच्या घराण्यात बिजागरी सोडल्याची ही ठळक खूण.

आपल्याकडे सगळं .३२ च का? .३८ का नाही?

कायद्यामुळे. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची कडेची काडतुसं भरून झाडता येतात ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, कारण ती सैन्य-पोलिसांची काडतुसं होती. सरकारी कोठारातला दारूगोळा खासगी बंदुकीत जाऊ नये हा ब्रिटिशकालीन विचार स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. म्हणून मूळ .३८० ची वेब्ली .३२ मध्ये उतरवली गेली. स्वसंरक्षणासाठी .३२ दुबळं आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण त्याच दुबळेपणामुळे बिजागरीच्या बंदुकीवर ताण येत नाही आणि नव्या माणसाला ती हाताळायला सोपी जाते.

काडतुसं कुठली?

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. पुण्याच्या खडकीतली दारूगोळा फॅक्टरी १८६९ ची. तिच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात, किर्की फॅक्टरीची खूण. .३२ रिव्हॉल्व्हरच्या देशी काडतुसांवर ती दिसते आणि जुन्या .४५५ च्या पुंगळ्यांवरही. त्यामुळे जगभरचे वेब्ली-संग्राहक पुण्याचं हे उपनगर पुंगळीच्या बुडावरून ओळखतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, हिचं मुख्यालयही पुण्यातच आलं.

काडतुसं परवान्यावर नोंदवूनच मिळतात आणि वर्षाला किती घ्यायची याची मर्यादा परवान्यातच लिहिलेली असते.

घरात आजोबांचं वेब्ली सापडलं. जुनं आहे म्हणजे परवाना नको ना?

नाही. परवाना लागतोच, आणि जुनं म्हणून चालतं हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या, कालबाह्य शस्त्राला आहे खरी, पण दुरुस्ती करूनसुद्धा जे झाडता येणार नाही अशालाच. आजोबांचं वेब्ली तेल घातल्यावर चालणार असेल तर कायद्याच्या नजरेत ती पूर्ण बंदूक आहे, आणि .४५५ किंवा .३८० असेल तर प्रतिबंधित बोअरची. वाट न पाहता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारसाहक्काने परवान्याचा अर्ज करा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. आजोबांचा जुना परवाना सापडला तर तो जपून ठेवा, त्यावर बंदुकीचा क्रमांक असतो. ट्रंकेत परत ठेवून देणं हा एकच मार्ग पूर्णपणे चुकीचा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात (आधी तीन होत्या) आणि परवाना पाच वर्षांचा असतो. वारसाने आलेली बंदूकही याच मोजणीत धरली जाते. बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणजे परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काय नियम आहेत?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते. प्रतिकृतीलाही सूट आहे, पण नेहमीचं सेंटरफायर किंवा रिमफायर (बुडाच्या मध्यावर किंवा कडेवर ठोकून झाडायचं) काडतूस ती वापरत नसेल तरच. उबेर्तीची स्कोफिल्ड .४५ कोल्ट वापरते, म्हणून ती साधी आधुनिक बंदूक ठरते. १८८० चं अस्सल स्मिथ अँड वेसन केंद्रीय कागदपत्रांशिवाय घेता येतं आणि गेल्या वर्षी बनलेल्या त्याच्या नकलेसाठी परवानाधारक दुकान आणि पार्श्वभूमी तपासणी लागते. राज्यांचे नियम वेगळे, ते तुमच्या राज्यापुरते पाहूनच घ्या.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अशा हँडगन सामान्य माणसाला बंद आहेत. जुन्या अस्सल बंदुका ‘कालबाह्य काडतूस’ या सवलतीखाली शोभेसाठी ठेवता येतात, पण २०२१ मध्ये त्या यादीतून सात काडतुसं वगळली गेली आणि त्यात .४४ रशियनही होतं. तिथल्या कुणा नातेवाइकाकडे जुनं रशियन मॉडेल असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

अमेरिकेतून येताना स्कोफिल्ड सोबत आणता येईल का?

सुट्टीला येताना, नाही. नागरिकांसाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंदच आहे. कायमचा मुक्काम हलवून परत येणाऱ्यांसाठी एका बंदुकीची मर्यादित सोय आहे, पण अनुमत बोअरची, आणि भारतीय परवाना हातात असेल तरच. विमानात बसण्याआधी कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या.

घेताना काय पाहायचं?

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ती बंद करा, एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून हलकेच हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर किंमत कितीही चांगली असो, खाली ठेवा. खटका स्वतःच्या स्प्रिंगने पूर्ण बसतोय का पाहा, अंगठ्याने रेटावा लागत असेल तर नको. मग उघडून चांदणी वर येते आणि ठरलेल्या जागी झटकन परत बसते का ते तपासा. जुन्या वापरलेल्या नगांत चांदणीचे दात झिजलेले असतात, मग पुंगळीची कड तिच्याखाली सरकते आणि बंदूक ना उघडत ना मिटत. हे नव्यातही होऊ शकतं, हळूहळू उघडलं तर. नळी जरा वर रोखून एका दमात उघडा, म्हणजे पुंगळ्या मागच्या बाजूने खाली पडतात, अडकत नाहीत.